देवयानी डावीकडून खेळते

१२ ऑक्टोबर, रविवार

ही डायरी देवयानीने आणून दिली. म्हणे डॉक्टरांनी सांगितलंय, बाबा, रोज थोडं लिहीत जा. मी म्हटलं, अगं, सगळा जन्म सरकारी टिपण्या लिहिण्यात गेला, आता आणखी काय लिहू? "जे मनात येईल ते," म्हणाली. मनात येतं ते लिहिलं तर तिलाच आवडायचं नाही. पण डायरी माझी आहे, तेव्हा लिहितो.

तर वस्तुस्थिती अशी. माझी मुलगी देवयानी, वय चौतीस, टेनिसच्या डबल्समध्ये जगभर नाव असलेली बाई, ऑगस्टपासून दिल्लीत मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी पोळ्या लाटते आहे. ऑगस्टमध्ये मला भाजी घेताना चक्कर आली. शेजारच्या हरीश माथुरने हॉस्पिटलात नेलं, त्यांनी आठवडाभर ठेवून घेतलं. रक्तदाब, दुसरं काही नाही. एक कोवळा डॉक्टर रोज यायचा आणि माझ्या डाव्या बाजूबद्दल काहीबाही सांगायचा. हात उचला म्हणे. उचलला की! माझी डावी बाजू ठणठणीत आहे. देवयानी तेव्हा अमेरिकेत खेळत होती, ती स्पर्धा टाकून धावत आली. ठीक आहे, लेक आहे, येणारच. पण मी हिंडूफिरू लागलो तरी ही परत जायचं नाव काढत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

मला ठाऊक आहे काय ते. मृणालने हिला सोडलं.

मृणाल म्हणजे तिची जोडीदार. मूळची पुण्याची, लग्नानंतर गुडगावला. नऊ वर्षं दोघी एकत्र खेळल्या. देवयानी कोर्टाच्या उजव्या बाजूला, मृणाल डाव्या. डबल्समध्ये बाजू ठरलेली असते, नवराबायकोच्या पलंगावरच्या जागेसारखी, कोणी सहसा बदलत नाही. आणि आता मृणाल चीनमध्ये कुठल्याशा जपानी मुलीबरोबर खेळते आहे. देवयानीला विचारलं तर म्हणते, "तात्पुरतं आहे, बाबा." तात्पुरतं! सरकारात तात्पुरती पदं वीस-वीस वर्षं चालतात.

गेल्या जानेवारीत दोघी मेलबर्नला अंतिम फेरीत होत्या. त्याचे क्रमवारीतले पॉइंट येत्या जानेवारीत गळून पडणार. तिथे खेळली नाही तर क्रमांक असा घसरेल की मोठ्या स्पर्धांचे दरवाजे बंद. विशीतली पोर पुन्हा तळापासून चढते, चौतिसाव्या वर्षी कोण चढतं? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नावं द्यायची आहेत. मला या एका गोष्टीची काळजी आहे, बाकी कशाची नाही.

जेवायला भेंडी, वरण-भात. चटणी नाही, कोशिंबीर नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही. विचारलं तर देवयानी माझ्या ताटाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "विसरले, बाबा, आणते." आत काही गेली नाही, पण कुठूनशी चमचाभर चटणी भाताशेजारी आली. हिच्या आईने हिला ताट वाढायला शिकवलं होतं. दिल्लीचं पाणी लागलं की सगळं विसरतात.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

गाडीचा डावीकडचा आरसा कोणीतरी तोडला. बहुतेक तळमजल्यावरच्या त्या राघवने. त्याची ती रणगाड्याएवढी गाडी. मी परवा बँकेत जाऊन आलो तेव्हा आरसा होता, निदान नव्हता असं काही मला दिसलं नाही. राघवला जाब विचारायला निघालो तर देवयानीने हात धरला. "जाऊ द्या ना, बाबा, करोल बागेतून नवीन आणू."

करोल बागेत गेलो. गाडी तिनेच चालवली. दुकानदार आरसा लावता लावता म्हणाला, "अंकलजी, ये तो पूरी साइड घिसी हुई है, कहाँ मारी?" मी म्हटलं, मैं नहीं मारता, मुझे मारते हैं. देवयानी हसली नाही. मृणालचा नवरा अनिश मानेसरला गाड्यांच्या भागांच्या कारखान्यात आहे, त्याच्याकडून स्वस्तात मिळाला असता. पण त्या घराशी आता आपला संबंध नाही.

घरी आल्यापासून गाडीची किल्ली खुंटीवर नाही. "माझ्याकडे आहे, मला लागते," म्हणाली. हिला कुठे जायला लागते?

तिने ही डायरी पाहिली. वाचली नाही, नुसती लांबून पाहिली, आणि विचारलं, "बाबा, अर्धं पान कोरं का सोडता?" मी म्हटलं, हा समास आहे. सरकारी टिपणीला डावीकडे भरपूर जागा सोडायची असते, वरिष्ठांचा शेरा लिहायला. ती म्हणाली, "अच्छा." आणि उगाचच माझ्या केसांवरून हात फिरवला. मी काय लहान आहे?

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटे उठून देवयानीने उटणं लावलं, पाठ चोळून दिली. हिची आई गेल्यापासून चार दिवाळ्या ही कुठेतरी परदेशात असायची. मी एकटाच बादलीभर पाण्यात उटण्याची पुडी सोडून मोकळा व्हायचो. आज बरं वाटलं.

अंघोळीनंतर दाढी करून बाहेर आलो तर मला बघून म्हणाली, "बाबा, बसा जरा." खुर्चीत बसवलं, टॉवेल गुंडाळला आणि ब्रश घेऊन माझा गाल फेसाने भरू लागली. अगं, झाली की दाढी! "थोडी राहिलीय." थोडी कसली, चांगलं पाच मिनिटं खरवडत होती. रॅकेट धरून घट्टे पडलेला तिचा हात, पण इतका हलका. तिच्या आईच्या बोटांचीच ठेवण. मी डोळे मिटून बसलो. मध्येच गालावर काहीतरी गरम पडलं. "पाणी उडालं," म्हणाली.

फराळाचं ताट वाढलं तर चटणी उजवीकडे! भाजी उजवीकडे, लोणचं उजवीकडे, सगळा बाजार एका बाजूला. ऐन सणाच्या दिवशी. मी बोललोच, "देवयानी, डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. लोक काय म्हणतील?" म्हणाली, "लोक कुठे आहेत, बाबा, आपण दोघंच तर आहोत." उचलली जीभ लावली टाळ्याला. पण चटणी झकास झाली होती, हे मान्य.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी मृणालला फोन केला. देवयानी भाजी आणायला गेली होती.

मी काही आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, नऊ वर्षं माझ्या घरी जेवलीस, माझ्या मुलीने तुझ्या दुखऱ्या खांद्यासाठी एक अख्खा मोसम वाया घालवला, आणि तिची जरा अडचण झाली तर तू दुसरी बघितलीस? जोडी म्हणजे काय चप्पल आहे, झिजली की बदलली? आणखीही बोललो. तोंडाचा पट्टा सुटला की मी कोणाला आवरत नाही.

मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "काका, तुमचं बरोबर आहे. तुम्ही औषधं वेळेवर घेताय ना?" बघा! विषय कसा बदलला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

२ नोव्हेंबर, रविवार

हवा घाणेरडी आहे, डोळे चुरचुरतात, तरी सकाळी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला गेलो. चक्कर आल्यापासून पहिल्यांदाच रॅकेट हातात धरली. मी आणि देवयानी एका बाजूला, हरीश आणि त्याची सून सृष्टी दुसऱ्या. जगज्जेत्या मुलीबरोबर डबल्स खेळणारा या वयाचा बाप यमुनेपलीकडच्या साऱ्या दिल्लीत दुसरा नसेल. काय ऐट माझी!

पण तीन गोष्टी खटकल्या. एक, हरीश प्रत्येक बॉल माझ्या उजव्या हातावर, पार ताटात वाढल्यासारखा देत होता. मी ओरडलो, "हरीश, ढंग से खेलो यार, मैं बीमार नहीं हूँ." तो म्हणाला, "बिल्कुल, विश्वासजी," आणि पुढचाही तसाच. दुसरी, मधून जाणारा एकही बॉल देवयानीने मला घेऊ दिला नाही. माझ्या नाकासमोरून येऊन मारायची, कुठून उगवायची तेच कळेना. लहानपणी मीच तिला शिकवलं होतं, मधला बॉल जोडीदाराला विचारून घ्यावा.

आणि तिसरी, देवयानी डावीकडून खेळली. आयुष्यभर उजवीकडून खेळणारी पोर! मी विचारलं, हे काय नवीन? "उजवीकडे तुम्ही खेळा, बाबा. मला सवय हवी." कसली सवय? डावीकडून खेळायची सवय म्हणजे नवी जोडीदार उजवीकडची असणार. म्हणजे ही गुपचूप नवी जोडी जमवते आहे! चला, निदान हातपाय गाळून बसलेली नाही. येताना ती माझ्या डाव्या बाजूने चालत होती, दंडाला दंड लावून. मी काही विचारलं नाही. स्वतःहून सांगेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कोडं सुटलं. नवी जोडीदार वगैरे काही नाही, भानगड वेगळीच आहे.

दुपारी पेपर वाचत पडलो होतो. हल्लीचे मथळे तरी काय, अर्धवट वाक्यं, कर्ता नाही, आगापिछा नाही, पत्रकारांना लिहिताच येत नाही. तर पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो, देवयानीला वाटलं झोपलोय. ती गॅलरीत फोनवर होती, पलीकडे मृणाल. म्हणजे बोलतात दोघी अजून! देवयानी म्हणत होती, "नाही मृणाल, माझी वाट बघू नकोस, तू तिच्याबरोबर नाव दे. मी त्यांना एकटं सोडून नाही येऊ शकत... नाही गं, त्यांना सांगितलं तर फार दुखावतील. ... हो, आवडतंय मला. खरंच आवडतंय."

हे "ते" कोण?

आता माझ्या लक्षात आलं. पोरगी प्रेमात पडली आहे. आदरार्थी बोलते म्हणजे वयाने मोठा असणार. त्याला एकटं सोडवत नाही, म्हणून मेलबर्न नको. मृणालने हिला सोडलंच नाही, हिनेच मृणालला सोडलं! आणि मी त्या बिचारीला फोनवर सोलून काढलं. ती मुकाट ऐकत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाप म्हणून मला आनंद व्हायला हवा. होतोही आहे. पण हा जो कोणी आहे तो इतका नाजूक असेल की बायको चार आठवडे बाहेर गेली तर मोडून पडेल, तर मला तो पसंत नाही. सांगून ठेवतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज चहा पिताना मी तिला स्पष्टच म्हटलं, "देवयानी, मला सगळं समजलंय. त्यांना घरी घेऊन ये."

"कोणाला?"

"ज्यांना तू एकटं सोडू शकत नाहीस, त्यांना. मी काही वाघ नाही. पण मी त्यांना एक विचारणार. माझी मुलगी ज्या खेळासाठी जन्मली तो तुमच्यापायी सोडते आहे, तुम्हाला झोप कशी येते?"

आधी ती पांढरी पडली. मग इतकी हसली, इतकी हसली की चहा सांडला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यांना झोप छान येते, बाबा. घोरतातसुद्धा."

आता घोरतात हे हिला कसं माहीत, हे मी विचारलं नाही. काळ बदलला आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

नीट लिहायचा प्रयत्न करतो.

मृणाल आली होती. मोसम संपवून परवाच परतली. दारात मला वाकून नमस्कार केला, मी अवघडलो. फोनवरच्या बोलण्याबद्दल माफी मागायची होती, पण शब्द जुळेनात. देवयानी म्हणाली, दही संपलंय, खालून घेऊन येते, मृणाल तू पानं घे तोवर. मृणालने ताटं वाढली. मी बसलो.

भात, वरण, बटाट्याची भाजी, पुरी. बाकी काही नाही. मी वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, "पुण्याची ना गं तू? चटणी, कोशिंबीर काही नाही?"

ती म्हणाली, "वाढलीय की, काका."

"कुठे?"

तिला वाटलं मी चेष्टा करतो. "ही काय," म्हणून तिने बोट पुढे केलं. तिचा हात भातापर्यंत आलेला दिसला. मग हात दिसेनासा झाला. बांगड्या वाजल्या त्या ऐकू आल्या. मी तिच्याकडे पाहिलं तर तिचा चेहरा खर्रकन उतरला होता.

मला राग आला. कशाचा ते ठाऊक नाही. मी ताट धरलं आणि गर्रकन फिरवलं.

चटणी होती. काकडीची कोशिंबीर होती, लिंबाची फोड, मीठ, लोणचं, सगळं जिथल्या तिथे. आणि भात नव्हता. वरण नव्हतं, भाजी नव्हती. मी पुन्हा फिरवलं. भात आला, चटणी गेली. पुन्हा फिरवलं. किती वेळा फिरवलं कोण जाणे. मृणालने शेवटी माझ्या हातावर हात ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ऑगस्टपासून, काका." ती रडत होती. "तिने मला शपथ घातली होती."

आरसा. दाढी. राघव बिचारा. मथळे. हरीशचे ते गोड-गोड बॉल. माझ्या उजवीकडे रचलेला तो चटणी-लोणच्यांचा बाजार, आणि त्यावरून सणाच्या दिवशी मी तिला बोललो. "त्यांना एकटं सोडून नाही येऊ शकत." ते म्हणजे मी. मीच तो, घोरणारा.

दाराचा आवाज आला. देवयानी दही घेऊन आली असणार. माझ्या डाव्या बाजूची खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, आणि कोणीतरी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज काही लिहिवत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

त्याच कोवळ्या डॉक्टरकडे गेलो. या वेळी ऐकून घेतलं. डोळे चांगले आहेत म्हणे. ऑगस्टमध्ये मेंदूला झटका आला, त्यात डावीकडे लक्ष देणारा भाग दुखावला. डावीकडे जग आहे हेच मेंदू विसरतो, आणि विसरलोय हेही त्याला कळत नाही. हे त्याने मला तेव्हाही सांगितलं होतं. देवयानीनेही सांगितलं होतं, एकदा नव्हे, चारदा. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटच्या वेळी मी इतका भडकलो की रक्तदाब वाढून पुन्हा सलाइन लावावं लागलं. तिचं सांगणं आणि माझं भडकणं, मला काही आठवत नाही. त्यानंतर तिने सांगणं सोडलं आणि माझ्या डावीकडे चालायला लागली.

उपाय आहे, पण कंटाळवाणा. दर थोड्या वेळाने मान डावीकडे वळवायची, आपला डावा खांदा दिसेपर्यंत. ताट फिरवायचं. ओळीच्या सुरुवातीला लाल रेघ मारायची, ती सापडेपर्यंत वाचायला सुरुवात करायची नाही. गाडी बंद. महिनोन्‌महिने करावं लागेल, थोडं सुधारेल, सगळं नाही.

परत येताना मी म्हटलं, "मृणालला फोन कर. नावं द्यायला सांग."

"नाही."

"देवयानी."

"बाबा, परवा तुम्ही रस्ता ओलांडताना डावीकडून बस आली. तुम्हाला माहीतही नाही. मी मेलबर्नला काय खेळणार? बॉल बघू की ती बस बघू?" मग म्हणाली, "डबल्समध्ये आम्ही हेच तर करतो. एकाचा हात पोचत नाही तिथे दुसऱ्याने उभं राहायचं. मला ते येतं. मला तेवढंच येतं."

मी म्हटलं, "मी तुझा जोडीदार नाही, बाप आहे. तुझी आई गेली तेव्हा तू चार दिवसांत परत खेळायला गेलीस, मीच तुला ढकललं. लोकांनी मला नावं ठेवली. ते काय तू इथे येऊन माझी दाढी करावीस म्हणून?"

"मला आवडतं तुमची दाढी करायला," ती म्हणाली. आणि गाडी बाजूला घेऊन रडायला लागली. मागचे हॉर्न मारत होते. मीही रडलो. लपवून काय करू, डायरी माझी आहे.

घरी येऊन मी प्रमोदिनीला, माझ्या धाकट्या बहिणीला, नाशिकला फोन लावला. ऑगस्टपासून ती यायचं म्हणत होती आणि मी नको म्हणत होतो, कारण ती बोलायला लागली की भिंतीसुद्धा कंटाळतात. म्हटलं, ये. ती म्हणाली, "दादा, तू बरा आहेस ना?"

३० नोव्हेंबर, रविवार

उद्यापासून नावं द्यायची. देवयानी ऐकत नाही. बोलण्यात मी तिला हरवू शकत नाही, आईवर गेली आहे. म्हणून सकाळी म्हटलं, चल, कोर्टवर जाऊ. हरीश आणि सृष्टीला बोलावून घेतलं.

ती सवयीने डावीकडे जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, "तिथून हल. ती जागा माझी. तू तुझ्या उजव्या बाजूला जा."

"बाबा, प्लीज."

"जा म्हणतो ना. आणि हरीश, आज डाव्या हाताला मार. नाही मारलास तर उद्यापासून आपली बोलचाल बंद."

हरीशने डोळे पुसल्यासारखं केलं आणि मारला. मला काही दिसलं नाही. बॉल मागे जाळीवर आपटला तो ऐकला. दुसरा दंडाला लागला. तिसऱ्याला मी आधीच मान वळवून उभा राहिलो, खांदा दिसेपर्यंत, तर तो उजवीकडून गेला. सगळे हसले, मीही हसलो. देवयानी हसली नाही. तिचे पाय सारखे माझ्याकडे धावायला बघत होते. दोनदा ती अर्ध्या कोर्टापर्यंत आली आणि मी ओरडलो, "तुझ्या बाजूला राहा!" खरं तर मला भीती वाटत होती. उजेडात उभं असताना आपल्या शेजारी विहीर आहे आणि तिचा काठ दिसत नाही, तसं वाटतं. हे मी तिला सांगितलं नाही.

किती गेम हरलो ते विचारू नका. मान दुखायला लागली. आणि मग एकदा मान वळवली तर बॉल तिथे होता. पिवळाधमक, माझ्याकडे येणारा. इतके महिने तिकडे काही नव्हतं, आणि आता होतं. मी रॅकेट नुसती पुढे धरली. बॉल नेटच्या पट्टीला लागून पलीकडे पडला, अगदी फालतू पडला, कोणीही उचलला असता. हरीशने उचलला नाही. तो मुद्दाम थांबला की खरंच पोचला नाही, मी विचारणार नाही.

मागे वळलो तर देवयानी स्वतःच्या जागेवर, उजवीकडे, रॅकेट छातीशी धरून उभी होती. मी म्हटलं, "रोज वळवीन. तुझ्या आईची शपथ. तू तुझ्या जागी गेलीस तरच मला माझी मान वळवावी लागेल ना, शहाणे? तू सारखी तिथे उभी राहिलीस तर मी कशाला वळवतोय?"

तिने रॅकेट खाली ठेवली. मग बाकावरून फोन उचलला आणि कोर्टातूनच मृणालला लावला. तिकडून मृणालची किंकाळी मला इथवर ऐकू आली. तिने त्या जपानी मुलीला होकार दिलाच नव्हता. वेडी कुठली, वाट बघत बसली होती.

मग मी फोन मागून घेतला आणि माझी माफी एकदाची मागून टाकली. मृणाल म्हणाली, "काका, नऊ वर्षं तुमची मुलगी माझ्यावर कोर्टात ओरडते आहे. तुमचं मला काहीच वाटलं नाही."

१४ डिसेंबर, रविवार

प्रमोदिनी आली. येताच स्वयंपाकघराचा ताबा घेतला, डबे बदलले, आणि आता मला काहीच सापडत नाही, डावीकडेही नाही आणि उजवीकडेही नाही. देवयानीने तिला माझा रस्ता ओलांडण्यापासून औषधांपर्यंत सगळं समजावून दिलं. प्रमोदिनी चटणी डावीकडेच वाढते. "फिरव ताट, दादा," म्हणून बसते समोर. कडक आहे. मी फिरवतो.

देवयानी रोज मृणालकडे गुडगावला सरावाला जाते, मेट्रोने. दार लावून जाते तेव्हा घर मोठं वाटतं. ते वाटायचंच. परवा राघवकडे जाऊन आरशाबद्दल माफी मागितली. त्याला आपल्यावर आळ आला होता हे ठाऊकच नव्हतं. उगीच दिलगिरी वाया गेली.

२ जानेवारी, शुक्रवार

विमानतळावर गेलो नाही, तिनेच नको म्हटलं. दारातच निरोप घेतला. मी तिला सांगितलं, "तिथे गेल्यावर माझा विचार करायचा नाही." म्हणाली, "करणार." मग माझ्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि मी मान वळवून तिला शोधेपर्यंत थांबली. शोधली. तेव्हा लिफ्टचं बटण दाबलं.

दिवसभर काही सुचलं नाही. प्रमोदिनीसुद्धा गप्प होती, यावरून काय ते समजावं.

२२ जानेवारी, गुरुवार

पहिल्या फेरीची मॅच आपल्याकडे सकाळी साडेसहाला होती. बाहेर धुकं, आत हीटर. हरीश मफलर गुंडाळून आला, प्रमोदिनीने आल्याचा चहा केला. टीव्हीसमोर तिघं ओळीने बसलो.

सुरुवातीला आपल्या मुली टीव्हीच्या अलीकडच्या बाजूला, कॅमेऱ्याकडे पाठ करून. देवयानी उजवीकडे, मला छान दिसत होती. पहिला गेम घेतला. मग बाजू बदलली, दोघी पलीकडे गेल्या, तोंडं आमच्याकडे झाली. खेळ सुरू झाला, आणि देवयानी नाही. मृणाल एकटीच खेळते आहे. मृणाल वाकते आहे, धावते आहे, आणि तिच्या शेजारी कोणी नाही. कोण मारतंय ते बॉल? वाटलं तिला काही झालं, पडली, बाहेर नेली. हरीशला विचारायला तोंड उघडलं.

विचारलं नाही. मान वळवली. मला जिथे टीव्ही संपल्यासारखा वाटत होता त्याच्याही पलीकडे नेली, खांदा दिसेपर्यंत. आणि तिथे देवयानी होती. पांढरी टोपी, गुडघे वाकवलेले, बॉलवर डोळे. तिच्या जागेवर होती. मला जणू ती पुन्हा झाली.

दोघी पलीकडच्या बाजूला गेल्या की प्रत्येक वेळी ती नाहीशी व्हायची, आणि मी जाऊन तिला शोधून आणायचो. प्रमोदिनी म्हणाली, "दादा, मान दुखेल." दुखू दे. तीन सेट झाले, जिंकल्या.

थोड्याच वेळात देवयानीचा फोन आला. मागे गोंगाट, धाप लागलेली. जिंकल्याचं काही बोललीच नाही. पहिला प्रश्न हा, "बाबा, दिसले का मी?"

"दिसलीस."

"दोन्ही बाजूंना?"

"दोन्ही बाजूंना," मी म्हटलं. तिने फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.